मागचे पाय ओढणारा ससा: आधी काय बघायचं, मग काय ठरवायचं

फोंड्याहून एका वाचक ताईंचं पत्र आलंय, थोडक्यात देते. "आमचा ससा कापूस पाच वर्षांचा, वजन तीन किलोच्या वर. नरकासुराच्या रात्री (नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री) वाड्यावर पहाटेपर्यंत डीजे आणि फटाके चालले होते, याचा पिंजरा बाल्कांवात (घरापुढच्या ओसरीत) होता. सकाळी बघते तर मागचे दोन्ही पाय फरपटत होता. जवळच्या डॉक्टरांनी पाठीला हात लावून बघितलं, एक इंजेक्शन दिलं आणि म्हणाले डिस्क सरकलीय, सशाचं यात काही होत नाही, झोपवून टाका, म्हणजे इंजेक्शन देऊन शांतपणे मरू द्या. एक्सरे काढला नाही. आज चौथा दिवस. कोथिंबीर थोडी खातो, गवताला तोंड लावत नाही. खालून सारखा ओला असतो. सासूबाई खोबरेल तेलाने मालिश करूया म्हणतात, मिस्टर म्हणतात मुंबईला न्यायचा खर्च करून उपयोग काय, मुलगी रडून रडून हैराण. सशाचं डिस्कचं ऑपरेशन होतं का? आणि त्याची जोडीदार, आमची दुसरी ससी चिकू त्याला सोडत नाही, तिला वेगळं ठेवायचं का?"

ताई, ऑपरेशन, मुंबई, झोपवणं, हे सगळं दोन दिवस बाजूला ठेवा. आत्ता कापूसच्या जिवाला जो धोका आहे तो पाठीचा कमी आणि पोटाचा जास्त आहे. ससा दुखण्यात असला की खाणं सोडतो, खाणं सोडलं की आतडी मंदावतात, आतडी मंदावली की गॅस धरतो, मग अजून दुखतं आणि अजून खात नाही, आणि पाठ बरी व्हायच्या आधी ससा या चक्रातच जातो. तुम्ही लिहिलंय कोथिंबीर खातो पण गवत नाही, हे मला बरं वाटलं नाही, कारण गवत चावायला मेहनत लागते आणि दुखणारा ससा आधी तेच सोडतो. लेंड्या बघा. मोठ्या, गोल, सुक्या पडताहेत का बारीक, वेड्यावाकड्या, मोजक्याच? दहा-बारा तास काहीच खाल्लं नाही किंवा लेंडीच पडली नाही तर ती इमर्जन्सी, सकाळची वाट बघायची नाही.

आजपासून सिरिंजने भरवायला लागा. सशांसाठी क्रिटिकल केअर नावाची पावडर मिळते, ती नाही मिळाली तर त्याचेच पेलेट्स (सशांच्या तयार खाण्याचे दाणे) कोमट पाण्यात भिजवून मिक्सरला एकदम गुळगुळीत करा, सिरिंजचं तोंड थोडं मोठं कापा म्हणजे अडकणार नाही. किलोमागे दिवसाला साधारण ५० मिली कालवलेलं खाणं, म्हणजे त्याला दीडशेच्या आसपास, ते चार-पाच वेळा मिळून. सिरिंज समोरून नाही घालायची, बाजूने, पुढच्या दातांच्या मागे जी मोकळी जागा असते तिथून, एका वेळी जेमतेम अर्धा-एक मिली, त्याने चावून गिळलं की पुढचं. मान वर करून ओतू नका, फुप्फुसात जाईल. आणि पोट टम्म फुगून कडक लागत असेल तर भरवूच नका, सरळ डॉक्टर गाठा.

दुसरं ते ओलं असणं. बहुतेक लोक म्हणतात लघवी होतेय ना, मग ठीक आहे. मला नाही वाटत ठीक आहे. मागच्या भागाची नस दबली की मूत्राशय रिकामं करायचा कंट्रोल जातो, ते तुडुंब भरतं आणि वरचं वर थेंब थेंब गळत राहतं, म्हणजे बाहेरून ओला पण आत मूत्राशय तट्ट. सशाच्या लघवीत कॅल्शियम भरपूर असतं, ती तुंबली की तळाला खडूच्या लगद्यासारखा गाळ बसतो आणि इन्फेक्शन होतं. डॉक्टरांनी पोट हाताने चाचपून मूत्राशय केवढं आहे ते बघायला हवं, आणि भरलेलं असेल तर हलक्या हाताने दाबून रिकामं करायला तुम्हाला शिकवायला हवं, दिवसातून दोन-तीनदा लागतं ते. व्हिडिओ बघून करू नका. जोर जास्त लागला तर मूत्राशय फुटू शकतं, एकदा कुणीतरी तुमचा हात धरून शिकवलं की मग जमतं, घरोघरच्या बायकांना आणि शाळकरी पोरांनासुद्धा जमतं.

आता पाठीबद्दल. तुमच्या डॉक्टरांनी डिस्क म्हटलं, असेलही, सशांना डिस्कचा त्रास होतो. मणक्यांच्या मधली ही गादी वयाबरोबर कडक होते, कधी त्यात कॅल्शियम साठतं, आणि मग ती वर सरकून मज्जारज्जूवर दाब देते. पाच वर्षांच्या, वजनदार, पिंजऱ्यात बसून असणाऱ्या सशात हे शक्य आहे. पण नुसता पाठीला हात लावून डिस्क आहे असं खात्रीने सांगताच येत नाही, कुणालाच नाही. आणि तुमच्या पत्रातली गोष्ट वाचून माझ्या मनात पहिला संशय डिस्कचा नाही आला, मणका मोडल्याचा किंवा निसटल्याचा आला.

कारण बघा. सशाचा सांगाडा फार हलका असतो, अख्ख्या वजनाच्या ७-८ टक्के, मांजराचा १२-१३ टक्के असतो. आणि मागच्या पायांचे स्नायू मात्र दांडगे. आवाजाने दचकून त्याने बंद पिंजऱ्यात जोरात लाथ मारली आणि अंग वळलं, तर तो सगळा जोर कमरेच्या शेवटच्या मणक्यांवर, म्हणजे जिथे कंबर माकडहाडाच्या वरच्या त्रिकोणी हाडाला भेटते त्याच्या जरा वर, येऊन आदळतो आणि हाड तिथेच तुटतं. कुणी मारलं नाही, पडला नाही, कुत्रा आला नाही, तरी ससा स्वतःच्या लाथेने स्वतःची पाठ मोडून घेतो, नखं कापताना कुणी अर्धवट धरून उचलला तरी हेच होतं. म्हणून रात्रीत अचानक, फटाक्यांनंतर, दोन्ही पाय एकदम गेले म्हटल्यावर फ्रॅक्चर नाही याची खात्री आधी करायची. डिस्कचा ससा बऱ्याचदा आधीपासून काहीतरी दाखवत असतो: उडी टाळतो, सोफ्यावर चढत नाही, पाठ वर करून बसतो, अंग चाटत नाही, शेपटीखाली मऊ लेंड्या (या सशाने स्वतः खायच्याच असतात) चिकटलेल्या राहतात कारण वाकून खाता येत नाहीत. गेल्या महिन्याभरात असं काही होतं का ते तुम्ही आणि मुलगी बसून आठवा आणि लिहून काढा, डॉक्टरांना याचा मशीनपेक्षा जास्त उपयोग होतो कधीकधी.

तिसरी शक्यता लोकांना माहीतच नसते. एन्सेफॅलिटोझून क्युनिक्युली नावाचा एक बारीक परजीवी आहे, सशांमध्ये भरपूर आढळतो, मेंदू, मज्जारज्जू आणि किडनीत बसतो. त्यानेही मागचे पाय कमजोर होतात, पण बहुधा हळूहळू, आणि सोबत मान एका बाजूला कलणं, डोळे लुकलुक हलणं किंवा डोळ्यात पांढरट ठिपका असं काही दिसतं. याची रक्ताची टेस्ट असते पण पॉझिटिव्ह आली म्हणजे आजार त्याचाच असं होत नाही, कितीतरी धडधाकट सशांची टेस्ट पॉझिटिव्ह येते. म्हणून संशय असला की बरेच डॉक्टर फेनबेन्डाझोल हे परजीवीवरचं औषध २८ दिवस देऊनच बघतात. म्हाताऱ्या सशांत मणक्यांना हाडाचे काटे फुटून पाठ आखडते तो आणखी वेगळा प्रकार, पण तो असा एका रात्रीत होत नाही.

आता डॉक्टरांकडे गेल्यावर काय व्हायला पाहिजे. गोव्यात बहुतेक दवाखान्यांत कुत्री, मांजरं, गाई-म्हशी येतात, त्यामुळे निघायच्या आधी फोन करून सरळ विचारा, तुम्ही ससे बघता का, एक्सरे आहे का. फोंड्यात नसेल तर पणजी, मडगाव, म्हापसा, गोवा काही एवढा मोठा नाही. नेताना स्कूटरवर नको, गाडीत, खोक्यात टॉवेल अंथरून दोन्ही बाजूंना गुंडाळलेले टॉवेल लावून, म्हणजे वळणावर आणि स्पीडब्रेकरला अंग वळणार नाही. उचलताना एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, पाठ सरळ. कानाला धरून किंवा पाठीवर उताणा करून अजिबात नाही. बरोबर गवत आणि त्याचं खाणं घ्या. कुत्र्यांच्या सवयीने कुणी सांगेल भूल द्यायचीय तर रात्रीपासून उपाशी ठेवा, तर ससा उलटी करूच शकत नाही, त्याला उपाशी ठेवायचं नसतं, उपाशी ठेवला तर पोटच थांबतं.

सगळ्यात महत्त्वाची तपासणी फुकट आहे. डॉक्टर मागच्या पायाचं बोट चिमट्याने जोरात दाबतात. त्या वेळी तुम्ही पाय बघू नका, तोंड बघा. पाय मागे ओढला जाणं हे मज्जारज्जू खालच्या खाली स्वतःच करतो, मेंदूला काही कळलं नसलं तरी पाय हलतो आणि घरचे खूश होतात. खरी खूण म्हणजे ससा डोकं फिरवतो, डोळे मोठे करतो, श्वास वाढतो, पुढच्या पायांनी पळायला बघतो, कधी चावायला येतो. ससा भित्रा असतो, दवाखान्यात थिजून बसतो, म्हणून घाईत एकदा दाबून 'काही नाही' म्हणायचं नाही, शांत खोलीत थोड्या वेळाने परत बघायचं, दोन्ही पायांची वेगवेगळी बोटं. ही खोल वेदना त्याला कळत असेल तर मज्जारज्जू अजून जोडलेला आहे, आणि मग काही आठवडे झटायला पूर्ण अर्थ आहे. कळतच नसेल, आणि एक्सरेत मणका सरकलेला असेल, तर पाय परत येण्याची आशा फारच कमी, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही.

एक्सरे दोन बाजूंनी, एक आडवा एक वरून, आणि ससा ताठ झोपला पाहिजे, त्यासाठी बऱ्याचदा हलकी गुंगी लागते. वाकडा एक्सरे म्हणजे पैसे पाण्यात. एक्सरेत तुटलेलं हाड, निसटलेला मणका, दोन मणक्यांमधली अरुंद झालेली जागा, कॅल्शियम साठलेली डिस्क दिसते. मज्जारज्जू दिसत नाही, आणि मऊ डिस्क बाहेर आली असेल तर तीही दिसत नाही. त्यासाठी सीटी किंवा एमआरआय, हाडासाठी सीटी चांगला आणि मज्जारज्जू-डिस्कसाठी एमआरआय. मिस्टरांना हे सांगा की मुंबईचा प्रश्न इथे येतो, याच्या आधी नाही. सीटी-एमआरआयचा उपयोग कधी, तर त्याच्या उत्तरावरून पुढे ऑपरेशन करायची तुमची तयारी असेल तेव्हा. घरीच आराम आणि औषध हाच मार्ग घ्यायचा ठरलं असेल तर चांगला एक्सरे आणि नीट हातांनी केलेली तपासणी पुरते, त्यासाठी दहा-बारा तास गाडीत हेलकावे खात मोडक्या पाठीचा ससा मी तरी नेणार नाही.

ऑपरेशन होतं का विचारलंय. होतं, मणक्याची एक बाजू उघडून दाबणारी डिस्क काढतात, कुत्र्यांमध्ये हे रोजचं आहे, सशांमध्ये मोजक्याच केसेसमध्ये केलेलं आहे. हाडं नाजूक, भूल जोखमीची, नंतर पोट थांबायची भीती. सशांची ऑपरेशनं नेहमी करणारा सर्जन असेल तरच याचा विचार करावा. बहुतेक ससे आराम, दुखणं कमी करणारी औषधं आणि घरची सेवा यांवरच राहतात आणि ज्यांचा मज्जारज्जू फक्त दबलाय, तुटला नाही, त्यांच्यातले काही हळूहळू उभे राहतात.

औषधांचं बोलायचं तर ते पहिलं इंजेक्शन कसलं होतं ते आधी फोन करून विचारून घ्या, नाव आणि तारीख. बऱ्याचदा ते स्टिरॉइड असतं. ससा स्टिरॉइडला फार नाजूक, प्रतिकारशक्ती पडते, तो मघाचा परजीवी अंगात झोपलेला असला तर जागा होतो, आणि स्टिरॉइडवर लगेच मेलॉक्झिकॅम हे दुखण्याचं औषध दिलं तर पोटात अल्सर व्हायचा धोका. म्हणून पुढच्या डॉक्टरांना हे कळलंच पाहिजे, त्यावरून ते किती दिवस थांबायचं ते ठरवतील, आणि तोवर दुखण्यासाठी दुसऱ्या जातीचं औषध देतील. सशांच्या दुखण्यावर मुख्य औषध तेच, पण सशाला किलोमागे कुत्र्यापेक्षा बराच जास्त डोस लागतो, कुत्र्याच्या हिशोबाने दिलं तर दुखणं राहतंच आणि सगळे म्हणतात औषध लागू पडलं नाही. डोस डॉक्टरांनीच काढायचा, किडनी आणि पाणी पिणं बघून. नसेच्या दुखण्याला गॅबापेन्टिनही जोडतात. माणसांच्या डब्यातली कॉम्बिफ्लाम, डायक्लोफेनॅक काही नको. आणि लघवीचं इन्फेक्शन म्हणून कुणी तोंडाने अमॉक्सिसिलिन दिलं तर घेऊ नका, तोंडावाटे दिलेलं अमॉक्सिसिलिन, अ‍ॅम्पिसिलिन, क्लिंडामायसिन सशाच्या आतड्यातले चांगले जंतू मारतं आणि त्याने ससा दगावतो.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि मालिश मात्र करू देऊ नका. त्यांच्या हातात माया आहे ते खरं, पण मणका हलता असेल तर चोळल्याने आतली नस अजून चिरडते, शिवाय तेल केसांत बसतं, ससा ते चाटतो, ओलं अंग अजून ओलं राहतं. बाम तर मुळीच नको. त्यांना दुसरं काम द्या, दर चार तासांनी कूस बदलायचं. एकाच बाजूला पडून राहिला तर नितंबावर जखम होते.

जागा छोटी करा, उडी मारता येणार नाही एवढीच, साधारण चार ते सहा आठवडे, बरा वाटला म्हणून मध्येच सोडायचं नाही. खाली शोषणारं पॅड, वर फ्लीसचं मऊ कापड, टर्किश टॉवेलच्या धाग्यात नखं अडकतात म्हणून तो नको. गुळगुळीत लादीवर तर पाऊलही नको, घसरून पाय फाकले की पाठ परत गेली. पिंजरा बाल्कांवातून आत आणा, कारण दिवाळी संपेपर्यंत फटाके चालूच राहणार आणि ऑक्टोबरचं ऊन आहेच, तीस डिग्रीच्या वर ससा धापा टाकतो. पंखा लावा पण थेट अंगावर नाही, गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा. ओला भाग दिवसातून दोनदा कोमट पाण्याने पुसून टिपून कोरडा करा, अख्ख्याला आंघोळ नको. आणि माश्या! आपल्याकडच्या दमट हवेत ओल्या, लघवीच्या वासाच्या केसांवर माशी अंडी घालते आणि दिवसाच्या आत किडे कातडीत शिरतात, पायात ताकद नसलेल्या सशाला कळतही नाही. पिंजऱ्यावर मच्छरदाणी टाका, शेपटीखालचे केस डॉक्टरांकडून कापून घ्या, रोज सकाळ-संध्याकाळ टॉर्च लावून बघा. गोचिडी-पिसवांसाठी कुत्र्यांचं फिप्रोनिल सशाला लावायचं नाही, ते त्याला विष आहे.

तो मऊ काळपट द्राक्षाच्या घोसासारखा मळ असतो ना, सशाने तो स्वतः खायचाच असतो, त्यातून त्याला जीवनसत्त्वं मिळतात. कापूसला वाकता येत नाही तर सापडला की तोंडासमोर धरा, बिनधास्त खाईल. आणि मुलगी सकाळी पोदेराचा उंडा (पाववाल्याचा गोल पाव) त्याला देत असेल तर ते आता बंद, पाव, बिस्किट, पोळी सगळंच, वजन कमी करणं हाही पाठीचा उपचार आहे. फवारणी न केलेल्या जागेतली ताजी दुर्वा, मुळ्याचा पाला, कोथिंबीर चालेल, टिमोथी गवत मागवता आलं तर उत्तम.

झोपवण्याचं. दर आठवड्याला मी हे बघायला सांगेन: स्वतः खातोय का, दुखणं औषधात राहतंय का, जखमा नाहीत ना, तुमच्या आवाजाला कान वळवतोय का, पाय थोडातरी उचलतोय का. खोल वेदना कळत असेल तर चार आठवडे तरी द्या. पाय परत आले नाहीत पण बाकी सगळं ठीक असेल तर गाड्याच्या आधारावर, चाकांवर, चांगले जगणारे ससे असतात, मात्र पुढचे पाय मजबूत हवेत, एका वेळी थोडाच वेळ बांधायचं, आणि घरात रोज लघवी काढणारं, धुणारं माणूस हवं, वर्षानुवर्षं. ते शक्य नाही असं तुम्ही म्हणालात तर तुमच्यावर कुणी बोट ठेवू नये. औषध देऊनही दात करकर वाजवत कोपऱ्यात बसतो, खायचं सोडलंय, जखमा भरत नाहीत, असं झालं तर मग झोपवणं हीच त्याची सेवा, आणि ते भूल देऊन, मुलीला निरोप घेऊ देऊन करा. पण ते एक्सरेनंतर. एक्सरेशिवाय नाही.

चिकूला पूर्ण वेगळ्या खोलीत नेऊ नका. जोडीदार दिसेनासा झाला की दोघंही खाणं सोडू शकतात. जाळीच्या पलीकडे ठेवा, नाकाला नाक लागेल इतकी जवळ, म्हणजे ती अंगावर चढणार नाही पण चाटता येईल. तिलाही एकदा तपासून घ्या, परजीवीची टेस्ट करायची ठरली तर दोघांची एकदमच करा, पिंजऱ्यातली लघवी रोजच्या रोज साफ करा कारण तो लघवीतूनच पसरतो, आणि घरात केमो चालू असलेलं किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं कुणी असेल तर त्यांनी पिंजऱ्याला हात लावू नये.